नेहमीची शुश्रूषा

“बोला ना काका. चालू झालंय.”

दिवटेकाकांनी घसा खाकरला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. टेबलावर माझा मोबाइल होता आणि त्याच्याकडे ते विंचवाकडे बघावं तसे बघत होते.

“ह्याच्यात बोलायचं?”

“हो. मावशी समोर बसल्यात असं समजा. त्यांना हाक मारा. तुम्ही कोण बोलताय ते सांगा. त्या दवाखान्यात आहेत, उपचार चाललेत, घाबरायचं कारण नाही, असं सांगा. मग घरचं काय वाटेल ते बोला.”

“हाक कशी मारू?”

“घरी काय म्हणता त्यांना?”

“काय म्हननार? अगं म्हनतो.”

“मग तेच म्हणा.”

काका पुढे वाकले आणि ओरडले, “अगं!”

दार ढकलून वॉचमननं आत डोकावून पाहिलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला, मालाला, त्याही अवस्थेत हसू फुटलं.

“आण्णा, हळू. हितं माग चालू न्हाईत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सिस्टर, जलम गेला त्यांचा मागाच्या खडखडाटात. आई बी तशीच. आमच्या घरात हळू बोलनं कुनाला ठावंच न्हाई.”

मल्हारी दिवटे इचलकरंजीच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांची बायको कलावती त्याच शेडमध्ये मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. छातीत न्यूमोनिया भरल्यामुळे तिला आमच्याकडे मिरजेला आणलं होतं आणि ती अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होती.

मी तेव्हा त्या विभागात नर्स होते, पण त्या वर्षी मला रुग्णांच्या कामातून काढून शिरगुप्पे मॅडमच्या अभ्यासाला दिलं होतं. मॅडम आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रमुख. निम्मी हयात त्यांनी अतिदक्षता विभागातच काढली होती. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला काही दिवसांनी भ्रम होतो. आपण कुठे आहोत, दिवस आहे की रात्र, हे त्याला कळत नाही. नर्स त्याला वैरी वाटते, सलाइनची नळी साप वाटते. तो नळ्या उपसतो, मग आम्ही त्याचे हात कॉटला बांधतो, मग तो आणखी घाबरतो. घरचे लोक म्हणतात, वात झाला. मॅडमना बघायचं होतं, की अशा माणसाच्या कानात दिवसातून अनेकदा घरच्यांचा आवाज घातला तर त्याची भीती कमी होते का.

त्यासाठी चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांचा आवाज आधी भरून घ्यायचा आणि मग बंद पाकीट उघडायचं. निम्म्यांच्या पाकिटात ‘आवाज’, निम्म्यांच्या पाकिटात ‘नेहमीची शुश्रूषा’. हे सगळं काकांना मी सहीच्या आधी सांगितलं होतं.

“आन् आमाला न्हाई निघाली तर?” त्यांनी विचारलं होतं.

“तर आवाज लावायचा नाही. बाकी औषधपाणी, काळजी, सगळं तेच.”

“पर आवाज लावून फायदा हुतोय न्हवं?”

“तेच माहीत नाही, काका. तेच शोधायचं आहे.”

त्यांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, “आमच्यात बी तसंच हाय. नवं सूत आलं की एका मागावर लावायचं, शेजारच्यावर जुनंच ठेवायचं. दोनी बगितल्याबिगर कळत न्हाई.” आणि त्यांनी सही केली. डोळ्यांजवळ कागद नेऊन, एकेक अक्षर कोरत.

दुसऱ्यांदा मोबाइल चालू केला तेव्हा ते खाली बघून बोलले.

“अगं, मी हाय. मी बोलतोय. तू मिरजंला हाईस, दवाखान्यात. हितली मानसं चांगली हाईत. माला आलीया सासरहून, तिची पोरगी आता भिताड धरून चालाय लागलीया. मी जेवतोय, काळजी करू नगंस. शेजारची अक्काताई भाकरी देती. तुझ्यावानी न्हाई हुत तिची, जाड हुती, पर खातो.” ते थांबले. “आनी काय बोलू? तू बोलायचीस, मी ऐकायचो. आता मला येत न्हाई. मी भाईर बाकड्यावर बसलोय बग. कुटं जात न्हाई.”

मी बंद केलं. मालानं पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी विभागात जाऊन मी पाकीट फोडलं. आत छापलेलं होतं, नेहमीची शुश्रूषा.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. “नशिबात व्हतं ते निघालं,” म्हणाले, आणि पुन्हा बाकड्यावर जाऊन बसले.

पुढच्या आठवड्यात कलावतीबाईंच्या गळ्याला भोक पाडून तिथून नळी घातली. तोंडातली नळी निघाली, चेहरा मोकळा झाला. गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नाही, पण ओठ हलवता येतात. झोपेची औषधं कमी केली आणि त्या जाग्या झाल्या, पण माणसात आल्या नाहीत. डोळे सतत दाराकडे. चादरीचे धागे चिमटीत धरून ओढायच्या, दोन धागे जुळवून गाठ मारायच्या, पुन्हा पुढचे शोधायच्या. कुणी जवळ गेलं की अंग चोरून घ्यायच्या. एकदा त्यांनी गळ्याच्या नळीला हात घातला, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरनं दोन्ही मनगटांना बँडेज गुंडाळून हात कॉटला बांधले. ते करताना तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. दुसरा इलाज आमच्यापाशी नव्हता.

त्या काळी नातेवाइकांना सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे, तेही एकेकाला. त्या दिवशी सकाळी काका आले. मी शेजारच्या कॉटपाशी होते. कलावतीबाईंचे ओठ भराभर हलत होते. आम्हाला वाटायचं ती नुसती बडबड आहे. काका वाकून बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“सिस्टर, ती काय म्हनती ते ऐकलासा?”

“आवाज येत नाही काका, नळी आहे ना.”

“आवाज कशाला लागतोय? आमच्या शेडात कुनाला कुनाचा आवाज आलाय? समदी तोंड बगूनच बोलत्यात.” त्यांनी कॉटचा दांडा धरला. “दार उघडा म्हनती. आत आग लागलीया म्हनती. हात कुनी बांधल्यात म्हनती.”

मग ते बायकोकडे वळले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, मोठमोठ्यानं बोलल्यासारखं काहीतरी सांगू लागले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. निदान मला तरी वाटलं की पाहिलं. पण नजर त्यांच्यावर ठरेना, ती पुन्हा दाराकडे गेली. ओठ पुन्हा तेच तेच म्हणू लागले.

वेळ संपली. वॉचमन आला. काका कॉटचा दांडा सोडेनात. मीच त्यांना खांद्याला धरून बाहेर आणलं.

बाकड्यावर माला बसली होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं आणि मग माझ्यापुढे हात जोडले.

“आवाज हाय न्हवं तुमच्याकडं? त्या मोबाइलात? मग लावा की, सिस्टर. दिसभर ती आगीत हाय. मी दहा मिन्टं आत, ती दिसभर आगीत.”

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले. मी रडत होते, भांडतही होते. “मॅडम, आपण त्यांचा आवाज खिशात घेऊन फिरतोय. ती बाई तिथे जळतेय आणि आपण चिठ्ठी सांगतोय.”

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “नातेवाइकांना दाराबाहेर ठेवायचं, हा नियम कुणी केला, तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मलाही नाही. कुणीतरी केला. बरं वाटलं म्हणून केला, आणि आम्ही सगळ्या जणी तो वर्षानुवर्षं पाळत आलो. खूप लोक घरच्यांचं तोंड न बघता गेले. आता तो नियम मोडायचा तर पुन्हा ‘बरं वाटतं’ म्हणून मोडायचा नाही मला. सिद्ध करून मोडायचा आहे. तरच दार उघडेल, आणि उघडं राहील.” त्या उठल्या. “पण दिवट्यांची बायको ही काही माझा कागद नाही. तिला अभ्यासातून कधीही बाहेर काढायचा त्यांना हक्क आहे. चल, मीच सांगते.”

कॉलेजच्या प्रमुख बाई बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसल्या तसे काका उठून उभे राहिले. मॅडमनी त्यांना हाताला धरून बसवलं.

“दिवटे, तुम्ही म्हणाल तर मी आत्ता त्यांना अभ्यासातून काढते आणि सिस्टर आवाज लावतील. तुमच्यावर कुणी रागावणार नाही. पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आवाजानं त्यांना बरं वाटेल, असं मला वाटतं. खात्री नाही. माणूस दिसत नाही आणि नुसता आवाज येतोय, यानं त्या आणखी बिथरतील, असंही होऊ शकतं. मला माहीत नाही. तुम्ही त्यांना ओळखता. तुम्ही सांगा.”

काका लगेच म्हणाले, “लावा.”

“आण्णा, थांबा.”

माला बोलली. तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आण्णा, ती आग कसली हाय, तुमाला कळलं न्हाई? ती शेडातली आग हाय.”

मॅडमनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मग मालानं आम्हाला सांगितलं. ती लहान असताना शेडमध्ये कापसाच्या भुसकटाला आग लागली होती. सगळे बाहेर पळाले. कलावतीबाई बाहेर आल्या, पण नवरा दिसेना. ते मागच्या दारानं आधीच निघाले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या पुन्हा आत शिरल्या. लोकांनी ओढून काढलं तेव्हा हात भाजले होते.

“तुमच्यापायी आत गेलती ती,” माला म्हणाली. “आता तिच्या कानात तुमचा आवाज आला, तर ती काय समजंल? ह्यो बी आतच हाय, असं समजंल. हात सोडवून घ्याय बघंल. नळ्या तोडंल, आण्णा. तुमाला हुडकाय निघंल.”

काका तिच्याकडे बघत राहिले.

“आता निदान तुमी भाईर हाईसा, एवढं तरी तिला ठावं असंल. नगा लावू.”

समोरून कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. काकांनी टोपी काढली, तिच्या घडीवरून अंगठा फिरवत बसले. मग मॅडमकडे न बघता म्हणाले, “पोरगी म्हनती ते खरं हाय. ती हुडकाय निघंल. नगं. ऱ्हाऊ द्या.”

“नक्की?”

“व्हय. नगं.”

मॅडमनी मान हलवली. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही.

त्यानंतर काका सकाळ-संध्याकाळ आत जायचे आणि दहा मिनिटं ओठ हलवत बसायचे. कधी कधी त्या बघायच्या. एकदा त्यांचं बोट काकांच्या मनगटावर हललं, म्हणून ते दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. पण ओठांवरचं बोलणं बदललं नाही. काका बाहेर आले की माला विचारायची, “काय म्हनती?” आणि काका सांगायचे, “तेच.” पुढे तिनं विचारणंच सोडलं.

मग जंतू रक्तात शिरले. रक्तदाब उतरला, तो औषधांनाही दाद देईना. डॉक्टरांनी दुपारी दोघांना आत बोलावलं, तेव्हा कुणी दहा मिनिटं मोजली नाहीत. मी मनगटांची बँडेजं सोडली. काकांनी बायकोचा हात हातात घेतला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेआधी त्या गेल्या.

अभ्यास पुढे चालू राहिला. आमच्याबरोबर आणखी काही गावांतली रुग्णालयं त्यात आली. रुग्ण जमवण्यात, आकडे तपासण्यात, लिहिण्यात वर्षं गेली. मॅडम निवृत्त झाल्या तरी रोज येऊन बसायच्या. एके दिवशी त्यांनी मला बोलावून निकाल सांगितला. सांगताना त्या उभ्याच होत्या.

मरणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं. आवाजानं कुणी वाचलं नव्हतं. पण ज्यांच्या कानात घरचा आवाज गेला, त्यांना भ्रम कमी झाला होता, त्यांचे हात कमी वेळा बांधावे लागले होते, आणि जे बरे होऊन बोलले त्यांनी भीतीच्या आठवणी कमी सांगितल्या होत्या. फरक स्पष्ट होता. नुसत्या आवाजानं एवढं होतं तर माणूसच आत बसू दे, असं म्हणत वर्षभरात आमच्या विभागाचा नियम बदलला. दिवसभर घरचं एक माणूस कॉटशेजारी बसू लागलं.

“आता घरोघर जाऊन सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “सहीच्या वेळी आपण तसा शब्द दिला होता. ज्यांची माणसं गेली, त्यांना आधी.”

“त्यांना कशाला, मॅडम?”

“कारण या अभ्यासाला त्यांनी सगळ्यांत जास्त दिलंय. खरं काय ते त्यांना कळायला हवं.”

म्हणून मी इचलकरंजीला गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी माग चालू होते. पायाखालची जमीनसुद्धा थरथरत होती. काका थकले होते, कामावर जात नव्हते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी ओळखलं आणि आत मोठ्यानं हाक दिली, “माला, मिरजंच्या सिस्टर आल्यात. चा टाक.” मालाच्या नवऱ्याला इथेच काम लागलं होतं. ती आता बापाजवळच राहत होती.

मी जपून सुरुवात केली. निकाल सांगितला, विभागाचं दार उघडलं तेही सांगितलं. काका कानामागे हात धरून ऐकत होते.

“आता दिसभर बसू देत्यात?”

“हो.”

“बरं झालं,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे लावला असता, तर ती वाचली नसती.”

“नाही, काका. वाचल्या नसत्या.”

“पर घाबरली बी नसती.”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मॅडमनीच शिकवलेलं होतं. “एकेका माणसाचं असं सांगता येत नाही, काका. काहींना आवाज लावूनसुद्धा भ्रम झाला. सगळे मिळून बघितले, तरच फरक कळतो.”

“व्हय,” काका म्हणाले. “पर माझं एकच मानूस हुतं.”

मी निकालाचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

“सिस्टर,” त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली, “पोरगी मला अजून इचारती. सनावाराला, आईचं पान वाडताना. आण्णा, मी नगं म्हनाय नगं हुतं का? मी म्हनतो, गप. काय बोलनार मी?”

तेवढ्यात माला कपबश्या घेऊन आली. केस अर्धे पिकले होते. तिनं माझ्यापुढे बशी धरली आणि बापाला विचारलं, “काय म्हनत्यात सिस्टर?”

मी तोंड उघडणार, तोच काका बोलले. त्यांना हळू बोलता येत नव्हतंच. गल्लीतल्या मागांच्या वर त्यांचा आवाज चढला.

“त्या अभ्यासाचं सांगाय आल्यात. समदं तपासलं म्हनं. आवाज लावून काई फरक पडत न्हाई. लावला काय, न लावला काय, सारकंच.”

मालाच्या हातातली दुसरी बशी तशीच राहिली. ती माझ्याकडे वळली.

“व्हय का, सिस्टर?”

तिच्यामागे काका बसले होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते जमिनीकडे बघत होते.

“हो,” मी म्हणाले. “काही फरक पडला नसता.”

“घाबरली असती ती, तरी बी?”

“तरीही.”

तिनं बशी खाली ठेवली. “मग झालं,” म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. तोंडाला पदर लावला आणि रडू लागली, इतकी की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. काका हळूहळू सरकत तिच्यापाशी गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मी माझा चहा संपवला. नाही संपवला असता, तर तिला वाईट वाटलं असतं.